झाकणाखालच्या अक्षता

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बोलता बोलता माझा पंखा घरघरायला लागला तर तुम्ही दचकणार नाही. मी लॅपटॉप आहे. पाठीवर ओरखडे आहेत, एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे आणि बटणांवरची काही अक्षरं झिजून गुळगुळीत झाली आहेत. जबलपुरात गोहलपूरच्या गर्दीत एक वेल्डिंगचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर प्रोग्रॅमिंग शिकवणारी एक शाळा भरते. तिथली मुलं मला 'दद्दू' म्हणतात. आमच्या भागात घरातल्या थोरल्या माणसाला असं म्हणायची पद्धत आहे. सुरुवातीला मला या नावाचा राग यायचा. आता कुणी 'दद्दू फिर गरम हो गए' म्हणालं की मीही मनातल्या मनात हसून घेतो.

माझा जन्म कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. सरकता पट्टा, पांढरे हातमोजे आणि माझ्यासारखीच दिसणारी पुष्कळ भावंडं, एवढंच डोळ्यांपुढे येतं. तिथून मी एका मोठ्या ऑफिसात गेलो. गारेगार खोली, काचेचं टेबल! तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू! साहेब मला रोज मऊ फडक्यानं पुसत. पण कौतुक थोडेच दिवस टिकलं. पुढे साहेब माझ्यावर चहाचा कप ठेवू लागले. एकदा टीव्हीला जोडायची वायर त्यांनी घाईघाईत वाकडी खुपसली आणि माझ्या कुशीतलं ते भोक कायमचं मोडलं. मग नवा, सडपातळ लॅपटॉप आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. त्या अंधारात मी किती काळ होतो कोण जाणे. सोबतीला एक मोडकं कॅलक्युलेटर होतं, पण ते काही बोलत नसे.

एक दिवस कपाट उघडलं. मला वाटलं, आता भंगारात. पण मला एका खोक्यात भरलं, खोकं रेल्वेनं जबलपूरला आलं आणि ज्या माणसानं ते उघडलं त्यानं मला उचलून, माझ्या फटींमधली धूळ चक्क फुंकर मारून उडवली. ते गौरांग भैया. शाळा त्यांचीच.

या शाळेची रीत सांगायला हवी. इथे फी नाही. दहावी-बारावीचे मार्क कुणी विचारत नाही. गौरांग भैया आल्या मुलाला एक कोडं घालतात आणि ज्याला ते सुटेपर्यंत चैन पडत नाही त्याला ठेवून घेतात. प्रोग्रॅमिंग म्हणजे काही जादूटोणा नव्हे, बरं का. एखादं काम कसं करायचं ते आम्हा यंत्रांना पायरीपायरीनं, आम्हाला कळेल अशा भाषेत लिहून देणं, एवढंच ते असतं. मोठ्या कंपन्यांना असं नीट लिहिणारी माणसं हवी असतात आणि ती शोधून सापडत नाहीत. इकडे गल्लीबोळात हुशार पोरं असतात आणि त्यांना कंपनीचं दार कुठल्या दिशेला आहे तेही ठाऊक नसतं. शाळा दोघांची गाठ घालून देते. खर्च कंपन्या उचलतात, आणि मुलं तयार झाली की त्यांच्या मुलाखती घेऊन पसंत पडतील ती कामाला नेतात.

माझी आणि क्षमाची भेट इथेच झाली. क्षमा बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची आणि अबोल. तिचे वडील बळीराम फॅक्टरीत फिटर. फॅक्टरी म्हणजे लष्कराचं सामान बनवणारी. जबलपुरात नुसतं फॅक्टरी म्हटलं तरी पुरतं. घराणं मूळचं विदर्भातलं, आजोबांच्या वेळी इकडे आलेलं. शाळेविषयी ऐकल्यावर बळीराम म्हणाले होते, "फुकट कोन शिकवते बापा? काही तरी भानगड असंन." पण लेकीनं कोडं सोडवलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून त्यांना नाही म्हणवेना.

शाळेत मुलं जास्त आणि आम्ही लॅपटॉप कमी. म्हणून गौरांग भैयांनी एक पद्धत काढली होती. एका लॅपटॉपवर दोघं बसायची. त्यातलं एक 'हात' आणि दुसरं 'तोंड'. तोंडानं काय लिहायचं ते मोठ्यानं सांगायचं, का लिहायचं तेही सांगायचं. हातानं फक्त सांगितलेलं लिहायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. मधल्या सुट्टीनंतर अदलाबदल. ऐकायला खेळ वाटतो, पण भल्याभल्यांची त्यात फे फे उडते. मनात सगळं लख्ख असतं आणि तोंड उघडलं की कळतं, अर्धं तर आपण गृहीतच धरलं होतं.

क्षमाची जोडीदार होती रुचिरा. रेल्वेतल्या बाबूची मुलगी, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. ती तोंड झाली की वेल्डिंगच्या आवाजावरही तिचा आवाज चढायचा. क्षमा हात व्हायची. मधली सुट्टी संपली की क्षमा हळूच म्हणायची, "तूच बोल ना यार, मैं टाइप करती हूँ." रुचिराला तेवढंच हवं असायचं. अशानं क्षमा शाळा संपेपर्यंत हातच राहिली. मला मात्र ठाऊक होतं, की रुचिरा अडली की पुढची ओळ क्षमाची बोटं आधीच लिहून मोकळी झालेली असायची. तिची बोटं माझ्या बटणांवर पडली की मला माझं वय विसरायला व्हायचं. पण तिच्या तोंडाला कुलूप होतं.

मग मुलाखती सुरू झाल्या. रुचिरा पहिल्याच फटक्यात निवडली गेली आणि पेढे वाटून हैदराबादला गेली. क्षमाच्या दोन मुलाखती झाल्या. दोन्ही वेळा तिनं दिलेलं काम बरोबर केलं आणि दोन्ही वेळा तिला घेतलं नाही. गौरांग भैयांनी तिला समोर बसवून कारण सांगितलं, "काम तो बढ़िया था क्षमा. पर वो लोग पूछते रहे कि क्या सोच रही हो, और तू स्क्रीन में मुँह डालके बैठी रही. उनको पता ही नहीं चला कि तूने खुद सोचा या कहीं से उतारा." क्षमा मान खाली घालून ऐकत होती. तिचं एक टिपूस माझ्या बटणावर पडलं. ते तिनं ओढणीनं लगेच टिपलं, माझी काळजी म्हणून.

आता एकच कंपनी राहिली होती, पुण्याची. शाळेत ठरलेलं होतं की नोकरी लागेपर्यंत लॅपटॉप घरी न्यायचा, म्हणून मी क्षमाच्या घरी, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. तिथे झालेलं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं. बळीराम म्हणाले, "कमानिया गेटजवळच्या साडीवाल्यानं पोरगी मागितली आहे काउंटरवर. मी म्हटलं, सांगतो. हे पुन्याचं झालं तर झालं. नाही तर सोमवारपासून तिथं जा. किती दिवस असं घरी बसून राहशील?" यात रागावण्यासारखं काही नव्हतं. क्षमाच म्हणाली, "ठीक है बाबा." साड्यांच्या दुकानात बसण्यात वाईट काहीच नाही, मित्रांनो. पण ज्याला कोडं सुटेपर्यंत झोप लागत नाही त्याच्या नशिबी नुसत्या घड्या घालणं यावं, याचं मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला माझीही काळजी होती. ती गेली की मलाही शाळेत परत जावं लागणार आणि दोन वेळा नापसंत झालेल्या मुलीचा म्हातारा लॅपटॉप कोण मागून घेणार?

मुलाखतीचा दिवस ठरला आणि तो नेमका विश्वकर्मा पूजेचा निघाला. जबलपुरात फॅक्टरीच्या माणसांच्या घरी या दिवसाला दिवाळीच्या खालोखाल मान. सगळी यंत्रं धुऊन पुसून पुजायची आणि दिवसभर त्यांना विश्रांती द्यायची. बळीराम फॅक्टरीतल्या पूजेला जायच्या आधी घरीही पूजा करत. पाटावर लाल कापड, त्यावर त्यांचे पाने, पक्कड, हातोडी, कानस, सगळं तेल लावून ओळीनं मांडलेलं. मी खाटेवर बसून बघत होतो. तेवढ्यात बळीराम वळले आणि क्षमाला म्हणाले, "तुझा तो आन इकडं."

"काहून बाबा?"

"काहून म्हंजे? ज्याच्यावर पोट भरायचं ते औजारच. ठेव पाटावर, पान्याच्या बाजूला."

मित्रांनो, ज्या माणसानं शाळेला भानगड म्हटलं होतं, त्यानं मला स्वतःच्या पान्याशेजारी जागा दिली. क्षमानं मला पाटावर ठेवलं. मग तिनं भीत भीत सांगितलं, "बाबा, पण अकराला मला चालवावा लागेल. इंटरव्यू है."

बळीराम घोटाळले. उभ्या जन्मात त्यांनी या दिवशी साधा पानाही फिरवला नव्हता. त्यांनी एकदा पाटामागच्या विश्वकर्माजींच्या फोटोकडे पाहिलं, एकदा लेकीकडे आणि म्हणाले, "चलो. एक दिवस विश्वकर्माजी भी ओव्हरटाइम करतील." आणि ते फॅक्टरीत गेले.

राहिलेली पूजा क्षमाच्या आईनं, भानुमतीबाईंनी केली. ही बाई हाताला फार मऊ. पान्यांना त्यांनी हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. माझ्यापाशी आल्यावर मात्र त्यांनी माझं झाकण पूर्ण उघडलं. औजाराला बाहेरून काय पुजायचं, असं त्यांना वाटलं असावं. माझ्या बटणांवर त्यांनी झेंडूचं फूल ठेवलं, वर मूठभर अक्षता टाकल्या आणि हात जोडून पुटपुटल्या, "देवा, पोरगी लई गुणाची आहे. बोलत नाही म्हनून लोकाले समजत नाही. आज तिले सांभाळ." यंत्राला देवपण देतात ते असं! मी तर भारावून गेलो होतो.

क्षमा कपडे बदलायला आत गेली होती. भानुमतीबाईंनी फूल उचललं, पण अक्षता तशाच राहू दिल्या. पोथी वाचून झाली की पानांत अक्षता ठेवून ती मिटायची, हीच त्यांच्या हाताला सवय. त्यांनी तितक्याच भक्तीनं माझं झाकण मिटलं. तेवढ्यानंही कदाचित निभावलं असतं. पण पूजेचा नारळ ठेवायला पाटावर जागा नव्हती. तो त्यांनी माझ्या पाठीवर ठेवला आणि पक्का बसावा म्हणून वरून जरा दाबला.

टक्.

आवाज एवढासाच झाला. बाहेर कुणाला तो ऐकूही गेला नाही. पण माझ्या पडद्यात तांदळाचा दाणा रुतला होता आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी पसरत होती.

क्षमा आली, तिनं नारळ बाजूला केला, झाकण उघडलं आणि बटण दाबलं. मी उठलो. पण माझा पडदा उजवीकडून अर्धा काळा पडला होता, शाईची दौत लवंडावी तसा. उरलेल्या अर्ध्यात रंगीत रेघा थरथरत होत्या. ती नुसती बघत राहिली. भानुमतीबाई जवळ आल्या. त्यांनी पडदा पाहिला, बटणांतले तांदूळ पाहिले आणि त्यांना सगळं उमगलं.

"अगं माय! माझ्याच हातानं झालं का हे?" त्या मटकन खाली बसल्या. "मी पोथीसारखं मिटलं, माय. मले काय माहीत."

क्षमानं हातपाय गाळले नाहीत, तिला तेवढी सवडच नव्हती. मला टीव्हीला जोडावं म्हणून तिनं वायर शोधली, पण माझ्या कुशीतलं भोक त्या ऑफिसातल्या साहेबांनी केव्हाच मोडून ठेवलं होतं. तिनं गौरांग भैयांना फोन लावला. ते कामानिमित्त दूर बरगी गावाला गेले होते. वेल्डिंगवाल्यानं पूजेसाठी जिना कुलूप लावून बंद केला होता, त्यामुळे शाळेतला दुसरा लॅपटॉपही मिळणार नव्हता. गौरांग भैया म्हणाले, "टाइम बदलवा लूँ क्या? पुणे वाली मैडम से बात करता हूँ."

मला वाटलं, क्षमा हो म्हणणार. पण ती म्हणाली, "नहीं भैया. आज नहीं बैठी तो फिर मेरी हिम्मत नहीं होगी." आणि तिनं फोन ठेवला. बोटांनी येतील तेवढे तांदूळ तिनं वेचून काढले आणि मला टेबलावर घेतलं.

मुलाखत घ्यायला पुण्याहून व्हिडिओवर सुनेत्रा मॅडम होत्या. आवाज शांत, पण कामापुरतं बोलणाऱ्या. इथे एक गंमत लक्षात घ्या, मित्रांनो. माझी काच फुटली होती, पण आतलं चित्र शाबूत होतं. ते चित्र मी पुण्याला जसंच्या तसं पाठवत होतो. मॅडमना माझा सगळा पडदा स्वच्छ दिसत होता. फक्त जिला त्यावर लिहायचं होतं तिलाच तो दिसत नव्हता.

मॅडमनी प्रश्न लिहून पाठवला. तो नेमका काळ्या भागात गेला. शाळेत कायम जी मुलगी 'तूच बोल' म्हणत आली, तिला आता काही तरी मागावं लागणार होतं. "मैडम," ती म्हणाली, "सवाल आप पढ़के बताएँगी? प्लीज़."

मॅडमनी वाचलं. एका बस कंपनीनं सीटांची यादी दिली आहे आणि कधी कधी एकच सीट दोघांना दिली जाते. अशा दोनदा दिलेल्या सीटा शोधणारा प्रोग्रॅम लिहायचा.

क्षमानं बटणांवर हात ठेवले. ओळीचा पहिला तुकडा रेघांमधून कसाबसा दिसत होता, पुढचं सगळं अंधारात जात होतं. काय लिहिलं ते वाचून बघायची सोयच नव्हती. आपण कुठवर आलो ते ध्यानात ठेवायचं तर एकच उपाय होता. ती पुटपुटायला लागली. आधी इतकं हळू, की मलाच जेमतेम ऐकू येत होतं.

"थोड़ा ज़ोर से," मॅडम म्हणाल्या.

आणि मित्रांनो, तिच्या तोंडाचं ते कुलूप उघडलं. "एक खाली डब्बा लिया," क्षमा म्हणाली. "अब एक-एक सीट आएगी. हर सीट को पूछना है, तू पहले आई थी क्या? नहीं आई, तो डब्बे में जा. आई थी, तो तू डबल है, तुझे अलग लिखूँगी. पूरी लिस्ट दोबारा पढ़ने की ज़रूरत नहीं, मैडम, क्योंकि डब्बा याद रखता है." ती बोलत होती आणि बोटं लिहीत होती. हातही तीच आणि तोंडही तीच. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "नहीं, रुकिए, एक ही सीट तीन लोगों को दी हो तो दो बार लिख जाएगी," आणि मॅडमनी विचारायच्या आधी तिनं तेही सुधारलं. तिचा आवाज रुचिरासारखा खणखणीत नव्हता, पण एक शब्द वाया जात नव्हता. माझा पंखा घरघरत होता, तो तापल्यामुळे नव्हे. मला राहवत नव्हतं.

"अच्छा है," मॅडम म्हणाल्या. "अब चलाइए."

तिनं चालवला. मी तो चालवू शकलो नाही. मी मनापासून धडपडलो, पण लिहिलेल्यात कुठे तरी चूक होती.

"एक लाल निशान आ रहा है," मॅडम म्हणाल्या. "ऊपर, दाहिनी तरफ़. देख रही हैं ना?"

दाहिनी तरफ म्हणजे मिट्ट काळोख. 'हो, बघते' म्हणून चाचपडत बसता आलं असतं. दाराआड उभ्या भानुमतीबाईंनी पदर तोंडाशी धरला. क्षमानं एक श्वास घेतला.

"नहीं दिख रहा, मैडम. मेरी आधी स्क्रीन काली है. सुबह टूट गई."

मग मॅडम म्हणाल्या, "तो आप अब तक बिना देखे लिख रही थीं?"

"देखके नहीं, बोलके लिख रही थी," क्षमा म्हणाली, जणू त्यात काही विशेष नव्हतं. मग तिचे डोळे बारीक झाले. तिनं आपलंच बोलणं पहिल्यापासून मनाशी पुन्हा म्हणून पाहिलं आणि एका जागी थांबली. "मैडम, ऊपर एक ब्रैकेट खोला था. उसे बंद किया था मैंने, पक्का. पर वो दबा नहीं होगा. उस बटन के नीचे चावल है."

"क्या है?"

"चावल. एक मिनट, मैडम." आणि तिनं मला सरळ उचललं, उलटं केलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. मला भोवळ आली. माझ्या कॅमेऱ्यातून पुण्याला आधी छत दिसलं, मग उलटा पंखा, मग लाल कापडावर मांडलेले पाने आणि हातोडी, आणि शेवटी दाराशी रडवेल्या झालेल्या भानुमतीबाई, डोकं खाली पाय वर. टेबलावर टपटप तांदूळ पडले. भानुमतीबाईंचा धीर सुटला. "अगं, सांग नं त्या बाईले, आईचीच चूक आहे म्हनून! पोरीनं काही नाही केलं!" हे वाक्य पुण्यापर्यंत गेलं.

क्षमानं मला सुलटं केलं, ते बटण अंगठ्यानं जोर लावून दाबलं. आत कर्रकन् आवाज झाला आणि कंस बंद झाला. तिनं पुन्हा चालवलं. या वेळी मी एका दमात सगळ्या दुबार सीटा शोधून समोर मांडल्या.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग सुनेत्रा मॅडम एकदम मराठीत बोलल्या, "आई आहेत ना तिथे? त्यांना जरा पुढे बोलवा."

भानुमतीबाई डोळे पुसत पुढे आल्या. माझ्याकडे बघायचा त्यांना धीर होत नव्हता.

"काकू, रडू नका," मॅडम म्हणाल्या. "शाळेनं मला आधीच सांगितलं होतं, मुलगी हुशार आहे, पण बोलत नाही. आज ती पाऊण तास बोलली. पडदा धड असता तर बोलली असती का, सांगा बरं?"

भानुमतीबाईंनी क्षमाकडे पाहिलं. क्षमा हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही वाहत होतं.

निकाल संध्याकाळी आला. बळीराम फॅक्टरीतून येऊन, सगळी हकीकत ऐकून, माझ्या काळ्या पडद्याकडे बघत बसले होते. फोन वाजला. गौरांग भैया एवढ्या मोठ्यानं ओरडले की फोन कानाला लावायची गरजच पडली नाही. "ले लिया क्षमा! ले लिया तुझको!" मित्रांनो, घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि माझाही. भानुमतीबाई तर देवापुढे जाऊन पाट धरून बसल्या. बळीराम उठले आणि चपला घालू लागले.

"कुठं चालले हो?" भानुमतीबाईंनी विचारलं.

"कमानिया गेटले. साडीवाल्याले सांगून येतो, सोमवारी वाट पाहू नको म्हनून." ते परत आले तेव्हा हातात तिथल्या खव्याच्या जलेबीचा डबा होता. पहिला तुकडा त्यांनी लेकीला दिला. मग जरा घुटमळून माझ्यापुढेही एक जलेबी आणली.

"बाबा!" क्षमा ओरडली. "वर नका ठेवू!"

"नाही ठेवत, बापा," असं म्हणून त्यांनी ती शेजारच्या बशीत ठेवली.

त्याला आता काही काळ लोटला आहे. क्षमाला कंपनीनं नवा लॅपटॉप दिला आणि ठरल्याप्रमाणे मी शाळेत परतलो. गोहलपुरातल्याच एका दुरुस्तीवाल्यानं मला दुसऱ्या मेलेल्या लॅपटॉपचा पडदा बसवला. दृष्टी आता पहिल्यापेक्षा बरी आहे. वरच्या मजल्यावर एक नवी पद्धत आली आहे: मधल्या सुट्टीनंतर हात आणि तोंडाची अदलाबदल झाली की नाही, हे गौरांग भैया स्वतः फिरून बघतात. विश्वकर्मा पूजेला आता जिना उघडा राहतो आणि भानुमतीबाई शाळेत येतात. आम्हा सगळ्या लॅपटॉपांना मिटलेल्या झाकणावर बाहेरूनच कुंकवाचं बोट लावतात आणि अक्षता शेजारी वाटीत ठेवतात. कुणी पोरानं वरून काही ठेवायला हात पुढे केला की अशा काही डोळे वटारतात, की तो हात खिशातच जातो.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याची पूजा करा, नाही कोण म्हणतं? मायेनं कुणी हात लावला की आम्हालाही बरं वाटतं. पण झाकण मिटण्याआधी एकदा आत बघत जा. चहाचा कप दूर ठेवा, वायर सरळ घाला, फटींतली धूळ फुंकरून टाका. जुना झाला म्हणून कपाटात कोंडू नका; तुमच्या गल्लीत त्याची वाट बघणारं कुणी तरी असेल. आणि तुमच्या शेजारी जे अबोल पोर बसतं ना, त्यालाही अधूनमधून तोंड होऊ द्या.

माझ्यापुढे आता सुमेध नावाचा नवा मुलगा बसतो. कंस बंद करायचं बटण दाबलं की माझ्या आत अजूनही बारीकसा कर्र आवाज होतो. दुरुस्तीवाल्याला सगळे तांदूळ काढता आले, तेवढा एक दाणा कुठल्या कपारीत जाऊन बसला कोण जाणे. मागच्या महिन्यात क्षमा सुट्टीवर आली होती आणि मुलांना शिकवायला शाळेत बसली होती. सुमेधनं तो आवाज ऐकून चिमटा उचलला आणि बटण उपटायला निघाला.

क्षमानं त्याचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "आईचा आहे तो."